मॉडिफाय केलेली गाडी ऑटोक्रॉसला न्यायचीय, पण क्लास कुठला घ्यायचा? : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

गेल्या अंकात अमेरिकेतल्या हौशी ऑटोक्रॉसबद्दल थोडक्यात लिहिलं होतं, म्हणजे मोठ्या पार्किंग लॉटवर किंवा जुन्या धावपट्टीवर नारिंगी कोन मांडून केलेला कोर्स, एका वेळी एकच गाडी, घड्याळाशी स्पर्धा, आणि कोन पाडला तर प्रत्येकी २ सेकंदांचा दंड. त्यावर भरपूर पत्रं आली आणि त्यातली निम्म्याहून जास्त एकाच विषयाची निघाली, की आमच्या गाडीत अमुक तमुक बदल केलेत तर रजिस्ट्रेशन करताना क्लास कुठला टाकायचा. म्हणून हा सगळा अंक त्यालाच देतोय. बहुतेक उत्तरं एससीसीए, म्हणजे स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका, यांच्या सोलो रूलबुकवर आधारलेली आहेत कारण स्थानिक क्लबही बहुतेक तेच पुस्तक वापरतात. पुस्तक दर वर्षी बदलतं, गाड्या एका क्लासातून दुसऱ्यात जातात, तेव्हा खालचे आकडे वाचून झाले की यंदाचं पीडीएफ उघडून एकदा ताडून बघाच, ते फुकट मिळतं.

प्रश्न : दादा नमस्कार, मी एडिसनला राहतो. मागच्या वर्षी सेकंडहँड २०१५ ची सुबारू बीआरझेड घेतली. आधीच्या मालकाने बरंच काम करून ठेवलंय, कॉइलओव्हर आहेत, वर कॅम्बर प्लेट्स, मागे अॅडजस्टेबल लोअर आर्म, इनटेक, हेडर, ट्यून, १८ बाय साडेनऊचे रिम आणि त्यावर २६५ टायर. मागची सीटही काढलेली आहे पण ती माझ्याकडे गॅरेजमध्ये आहे. एक मित्र म्हणतो स्ट्रीट टूरिंग, दुसरा म्हणतो डायरेक्ट स्ट्रीट मॉडिफाइड. नक्की काय?

उत्तर : दोघेही अंदाजाने बोलतायत असं मला वाटतं, कारण दोघांनीही गाडी एकूण किती मॉडिफाय वाटते ते बघितलंय. रूलबुक तसं बघत नाही. तुमच्या गाडीत दहा बदल असतील आणि त्यातले नऊ एका क्लासात बसत असतील तर उरलेला एक पार्ट सगळ्या गाडीला घेऊन वरच्या क्लासात जातो. सरासरी काढायची नसते, सगळ्यात पुढे गेलेला पार्ट शोधायचा असतो. आणि दुसरं म्हणजे पुस्तकात जे करायला परवानगी दिलीय तेवढंच चालतं, लिहिलेलं नाही म्हणजे चालतंच असा अर्थ इथे काढायचा नाही.

आता तुमची यादी घेऊन एकेक बघू. सगळ्यात खालची पायरी स्ट्रीट, तिथे स्प्रिंगला हात लावता येत नाही, त्यामुळे कॉइलओव्हर, म्हणजे शॉक आणि स्प्रिंगची एकत्र जोडी, म्हटल्यावर स्ट्रीट संपलं. त्यावरची पायरी स्ट्रीट टूरिंग, आणि पहिल्या पिढीची बीआरझेड तिथल्या एसटीएक्स नावाच्या क्लासात येते. कॉइलओव्हर तिथे चालतात, कॅम्बर, म्हणजे चाकाचा उभा तिरपेपणा, बदलणाऱ्या कॅम्बर प्लेट्स चालतात. मागच्या बाजूला वरचे किंवा खालचे, एकाच जोडीचे आर्म बदलायला परवानगी आहे, दोन्ही नाही, तेव्हा खाली वाकून किंवा गाडी लिफ्टवर घेऊन वरचे आर्म कंपनीचेच आहेत ना ते बघून घ्या कारण आधीच्या मालकाने काय काय केलंय हे आपल्याला नेहमी सगळं सांगितलेलं नसतं. इनटेक चालतो. ट्यून, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरचा प्रोग्राम बदलणं, तेही चालतं, तुमचं इंजिन टर्बोचं नाही त्यामुळे बूस्टचा, म्हणजे टर्बोने इंजिनात दाबून भरलेल्या हवेच्या दाबाचा, प्रश्नच येत नाही. हेडर, म्हणजे इंजिनातून धूर बाहेर आणणारे पहिले पाइप, चालतो पण धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे कॅट, पूर्ण गायब असून चालत नाही. एकापेक्षा जास्त कॅट असतील तर त्यांच्या जागी एक लावता येतो, तो कुठे असावा आणि आतली जाळी किमान केवढी असावी तेही पुस्तकात आहे. बीआरझेडच्या हेडरमध्येच एक कॅट येतो आणि पुढच्या पाइपात दुसरा, तुमच्याकडे दुसरा शाबूत असेल तर बरं, दोन्ही नसतील तर स्ट्रीट टूरिंगमध्ये बसणार नाहीच आणि रस्त्यावर चालवणंही कायद्याने चुकीचं आहे, ते आधी दुरुस्त करा.

मागची सीट परत लावा. अर्ध्या तासाचं काम आहे.

आणि आता रिम. एसटीएक्समध्ये टू व्हील ड्राइव्ह गाडीला रिमची रुंदी जास्तीत जास्त ९ इंच आणि टायर जास्तीत जास्त २६५ मिलिमीटर रुंद. टायर तुमचा बरोबर काठावर बसतो पण रिम अर्धा इंच जास्त आहे. बस्स, एवढ्या अर्ध्या इंचासाठी तुमची गाडी एसटीएक्समधून बाहेर. बाकी सगळं नीट असून. रिमच्या आतल्या बाजूला स्पोकच्या मागे आकडा कोरलेला असतो, १८ एक्स ९.५ जे असा, टेक इन्स्पेक्शनला, म्हणजे सुरुवातीच्या तपासणीत, नाही दिसला तरी ग्रिडवर, म्हणजे गाड्या रांगेत लावतात तिथे, शेजारी उभा असलेला दुसऱ्या बीआरझेडवाला तो पहिल्याच दिवशी वाचेल, कारण त्यानेही रिम निवडताना महिनाभर ह्याच आकड्यांत घालवलेला असतो.

मग तुमच्यासमोर दोन रस्ते. रिम आहेत तेच ठेवायचे तर स्ट्रीट प्रिपेअर्ड, एक्सट्रीम स्ट्रीट किंवा स्ट्रीट मॉडिफाइड ह्या वरच्या पायऱ्यांतलं काहीतरी घ्यावं लागेल. स्ट्रीट प्रिपेअर्ड आणि मॉडिफाइडमध्ये समोरचे लोक आर कंपाउंड टायरवर, म्हणजे जेमतेम रस्त्याला कायदेशीर असलेल्या जवळजवळ स्लिकवर येतात, आणि मॉडिफाइडमध्ये तर इंजिन बदललेल्या, मोठे टर्बो लावलेल्या गाड्या असतात. तिथे तुमची दोनशे हॉर्सपॉवरची गाडी २०० ट्रेडवेअरच्या (टायरवरचा झिजेचा आकडा, लहान तितका टायर चिकट) टायरवर घेऊन जाणं म्हणजे दर रविवारी शेवटून पहिला नंबर ठरलेला. एक्सट्रीम स्ट्रीटमध्ये टायर निदान तुमच्यासारखेच २०० चे असतात, पण गाड्यांवर काम तुमच्यापेक्षा खूप जास्त झालेलं असतं. दुसरा रस्ता म्हणजे हे रिम विकायचे आणि १७ बाय ९ घ्यायचे. १८ बाय साडेनऊला ह्या गाड्यांच्या मंडळींत गिऱ्हाईक पटकन मिळतं, आणि सतराला टायर अठरापेक्षा सहसा स्वस्त पडतो, तेव्हा खिशातून जाणारा फरक फार मोठा नसतो. मी तुमच्या जागी असतो तर दुसरा रस्ता घेतला असता, कारण गाडी ज्या माणसाने बनवली त्याने नकळत जवळजवळ पूर्ण एसटीएक्सची गाडी बनवलीय आणि ती त्याच क्लासात खरी मजा देईल.

प्रश्न : माझ्याकडे फोक्सवॅगन जीटीआय आहे, पूर्ण स्टॉक, फक्त स्टेज वन ट्यून केलंय. क्लबातला एकजण म्हणाला जी स्ट्रीटमध्ये टाक, बाहेरून काही दिसत नाही, कोण कॉम्प्युटर तपासणारे. चालेल का? — वाचक, नेपरव्हिल

उत्तर : नाही चालणार, आणि हे मी स्पष्टच लिहितो कारण पत्रांमध्ये हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा आलाय.

स्ट्रीट कॅटेगरीत अक्षरांनी ओळखले जाणारे क्लास आहेत आणि स्टॉक जीटीआय त्यातल्या जी स्ट्रीटची, ते बरोबर. पण स्ट्रीट कॅटेगरीत ईसीयूच्या, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरच्या, प्रोग्रामला हात लावता येत नाही. मग पुढची पायरी स्ट्रीट टूरिंग, तर तिथे ट्यून करायला परवानगी आहे असं वाचून बरेचजण खूश होतात आणि पुढचं वाक्य वाचत नाहीत. पुढे लिहिलंय की बूस्ट थेट वाढवायला सक्त मनाई आहे, मेकॅनिकल पद्धतीने असो की सॉफ्टवेअरने. आणि टर्बो गाडीचं स्टेज वन म्हणजे मुख्यतः बूस्टच वाढवणं, त्याशिवाय तो टॉर्क येतो कुठून. म्हणजे बाहेरून सगळी कंपनीची दिसणारी, आत लहान मुलाची कार सीट असलेली, रोज ऑफिसला जाणारी तुमची गाडी एका फाइलमुळे स्ट्रीट आणि स्ट्रीट टूरिंग दोन्ही ओलांडून स्ट्रीट प्रिपेअर्ड किंवा फ्रंट व्हील ड्राइव्हच्या स्ट्रीट मॉडिफाइडमध्ये, एसएमएफमध्ये, जाऊन पडते. अन्याय वाटतो, मला कळतं. पण नियम बनवणाऱ्यांच्या बाजूने बघा, एकदा बूस्ट मोकळा केला की प्रत्येक टर्बो गाडीला किती, हे मोजणार कोण.

ह्याचा निकालावर काय परिणाम होतो ते आकड्यात दाखवतो. वेगवेगळ्या क्लासच्या गाड्यांची तुलना करायला पॅक्स नावाचा गुणक वापरतात, तुमची वेळ गुणिले तुमच्या क्लासचा गुणक. संथ क्लासचा गुणक लहान, वेगवान क्लासचा १ च्या जवळ. हिशोबापुरतं समजा एका क्लासचा गुणक ०.८० आहे आणि दुसऱ्याचा ०.८६. कोर्सवर तुम्हाला ६० सेकंद लागले तर पहिल्यात तुमची वेळ धरली जाईल ४८ आणि दुसऱ्यात ५१.६. साडेतीन सेकंदांचा फरक, न पाडलेल्या पावणेदोन कोनांएवढा, तोही एका ट्यूनसाठी जे पार्किंग लॉटवर दुसऱ्या गिअरमध्ये तुम्हाला जेमतेम अर्धा सेकंद कमावून देईल आणि बऱ्याचदा पुढची चाकं नुसती फिरवेल.

करायचं काय, तर स्टेज वन देणारे बहुतेक ट्यूनर स्टॉक फाइल परत टाकायची सोय देतात. शनिवारी संध्याकाळी स्टॉक करा, रविवारी जी स्ट्रीटमध्ये उतरा, सोमवारी हवं तर परत टाका. आणि ते कोण तपासणारे, हा मुद्दा तर अजिबात मनात आणू नका. स्थानिक इव्हेंटला टेकवाले फक्त सुरक्षितता बघतात, बॅटरी घट्ट आहे का, चाकांचे नट आवळलेत का, गाडीत काही सैल पडलंय का. क्लास तुम्ही स्वतः लिहून देता आणि लोक त्यावर विश्वास ठेवतात. सगळा खेळ त्या विश्वासावर चालतो. राष्ट्रीय पातळीवर, म्हणजे नेब्रास्कातल्या लिंकनला सप्टेंबरमध्ये होणाऱ्या सोलो नॅशनल्सला, प्रोटेस्ट, म्हणजे दुसऱ्याच्या गाडीबद्दल तक्रार, करता येतो, गाडी खोलूनही बघतात. पण स्थानिक पातळीवर तुमच्या शेजारी ज्याने नियमात राहून गाडी आणलीय त्याची ट्रॉफी तुमच्या घरी आली तर ती शोकेसमध्ये ठेवून काय आनंद मिळणार.

प्रश्न : मी आणि मिस्टर दोघं एकच गाडी चालवणार आहोत, २०१८ ची मस्टँग जीटी. फक्त लोअरिंग स्प्रिंग आणि मागे मोठा सायलेन्सर आहे. दोघांना एकाच क्लासात टाकायचं का? माझ्यासाठी वेगळा लेडीज क्लास असतो असं ऐकलं. — वाचक, ट्रॉय, मिशिगन

उत्तर : ताई, तुमच्याकडे ह्या गाड्यांची एवढी गर्दी असते की तुम्हाला स्पर्धक कमी पडणार नाहीत. स्टॉक मस्टँग जीटी एफ स्ट्रीटमध्ये येते, कॅमेरो एसएस वगैरेंच्या सोबत. सायलेन्सरचं काही नाही, कॅटच्या मागचा सगळा एक्झॉस्ट स्ट्रीटमध्येही बदलता येतो. अडचण लोअरिंग स्प्रिंगची. त्या स्प्रिंगमुळे एफ स्ट्रीट गेलं. पण तुम्हाला एक सुंदर पर्याय आहे, कॅम, म्हणजे क्लासिक अमेरिकन मसल. त्यातला कॅम सी हा नव्या पिढीच्या मस्टँग, कॅमेरो, चॅलेंजरसाठी, कॅम टी जुन्या गाड्यांसाठी आणि कॅम एस कॉर्व्हेटसारख्या टू सीटरसाठी. तिथे बदल करायला खूप मोकळीक आहे, टायर मात्र २०० ट्रेडवेअरचेच. तुमच्या गाडीत दोनच बदल आहेत त्यामुळे पहिल्या वर्षी पुढच्या लोकांपेक्षा मागे राहाल, पण नियमांची कटकट सगळ्यात कमी तिथेच आहे आणि पुढे काही पार्ट लावले तरी क्लास बदलावा लागत नाही. तरी स्पर्धा हवी असेल तर जुन्या स्प्रिंग परत घालून एफ स्ट्रीट हा जास्त बरोबरीचा सामना होईल. स्प्रिंग जपून ठेवल्यात ना?

लेडीज क्लास असतो, क्लासच्या नावापुढे एल लावतात. तो सक्तीचा नाही, तुम्ही ओपनमध्ये मिस्टरांच्या विरुद्धही उतरू शकता. स्थानिक इव्हेंटला एल क्लासात तुम्ही एकट्याच असाल तर मी म्हणेन ओपनमध्येच या, समोर कोणी असल्याशिवाय आपण किती सुधारलो ते कळत नाही. एकाच गाडीचे दोन ड्रायव्हर असले की नंबर सहसा ७ आणि १०७ असे घेतात, दोघांच्या रनमध्ये थोडं अंतर ठेवतात. ह्यात एक गोष्ट लक्षात घ्या, दोघांच्या रनमुळे टायर दुप्पट तापतात. मस्टँग जड गाडी, उन्हाळ्यात तिसऱ्या चौथ्या रनला पुढचे टायर हाताला चटका देतील इतके गरम होतात आणि गाडी वळायलाच तयार होत नाही. बागेत फवारायचा पंप असतो ना पाण्याचा, तो भरून आणा आणि दर रननंतर टायरवर पाणी मारा, ग्रिडवर तुम्हाला सगळे तेच करताना दिसतील. टायरच्या कडेला खडूने तीन चार रेघा ओढा, रननंतर खडू कुठपर्यंत पुसला गेलाय ते बघा, खांद्याच्या खूप खालपर्यंत गेला असेल तर हवा कमी आहे. दोघांचं वजन आणि चालवण्याची पद्धत वेगळी म्हणून दोघांची हवाही वेगळी लागू शकते, वहीत लिहून ठेवा.

प्रश्न : सर, माझ्याकडे अजून गाडी नाही, पण मी नव्याने घेऊन बांधणार आहे. बजेट मर्यादित. मियाटा, म्हणजे माझदाची छोटी टू सीटर, घ्यायची हे ठरलंय. सुरुवातीलाच स्ट्रीट टूरिंगची गाडी बांधू की स्ट्रीटमध्ये सुरू करू? — वाचक, सॅन होजे

उत्तर : गाडी अजून घेतलेली नाही, म्हणजे तुम्ही सगळ्यात चांगल्या जागी उभे आहात. क्लास आधी ठरवा, पार्ट नंतर घ्या. बहुतेक लोक उलटं करतात आणि मग वरच्या एडिसनच्या वाचकासारखा अर्धा इंच आडवा येतो.

आणि त्याहीआधी एक काम करा. तुम्ही ज्या क्लबात जाणार आहात त्याचे गेल्या वर्षाचे निकाल काढून बसा, सगळे क्लब ते जाहीर करतात. कुठल्या क्लासात दर वेळी पाच सात गाड्या असतात आणि कुठल्यात एकच माणूस पहिला येतो ते बघा. पुस्तकात तुमच्या गाडीला सगळ्यात योग्य असलेला क्लास तुमच्या गावात रिकामा असेल तर त्याचा उपयोग काय. पाच मियाटा एकत्र असतील तिथे तुम्ही सहावे व्हा, शॉकचं सेटिंग काय ठेवलंय ते ही मंडळी स्वतःहून सांगतात, मी असा एकही क्लब बघितला नाही जिथे नव्या माणसाला माहिती द्यायला कोणी कंजुषी केली.

आता स्ट्रीट की स्ट्रीट टूरिंग. स्ट्रीटमध्ये काय काय करता येतं ते लोकांना वाटतं त्यापेक्षा बरंच आहे. टायर किमान २०० ट्रेडवेअरचा, रिमवर बसेल त्या रुंदीचा. रिम बदलता येतो पण रुंदी कंपनीएवढीच, व्यास एक इंच कमी जास्त, ऑफसेट, म्हणजे चाक किती आत किंवा बाहेर बसतं ते, ७ मिलिमीटर इकडेतिकडे. शॉक बदलता येतात, चांगल्या प्रतीचे अॅडजस्टेबल घेता येतात. स्वे बार, म्हणजे वळताना गाडी कलू नये म्हणून असलेला दांडा, एकच बदलता येतो, पुढचा किंवा मागचा. ब्रेक पॅड हवे ते. कंपनीने जेवढी दिलीय त्या मर्यादेत अलाइनमेंट. एवढं नीट केलेली स्ट्रीट मियाटा, तीही चांगल्या हातात, अर्धवट केलेल्या स्ट्रीट टूरिंगच्या गाडीला सहज मागे टाकते. आणि अर्धवट हा शब्द मी मुद्दाम वापरतोय, कारण स्ट्रीट टूरिंगमध्ये जायचं तर पूर्ण जावं लागतं, स्प्रिंग, दोन्ही स्वे बार, रुंद रिम, हेडर, ट्यून, सीट, सगळं. समोरच्याने केलंय आणि तुम्ही अर्धं केलंय तर तो फरक हाताने भरून निघत नाही. मर्यादित बजेटमध्ये माझं मत पक्कं आहे की स्ट्रीटमध्ये सुरू करा, पहिला खर्च टायरवर, दुसरा शॉकवर, आणि राहिलेले पैसे एंट्री फीसाठी ठेवा.

गाडी घ्यायला जाल तेव्हा पुढच्या टायरची बाहेरची कड बघा. आतला भाग चांगला आणि बाहेरची कड घासून तारा दिसायला आल्या असतील तर ती गाडी आधी ऑटोक्रॉसला फिरलेली असण्याची शक्यता आहे, कंपनीच्या अलाइनमेंटमध्ये कॅम्बर कमी असतो आणि गाडी वळताना सगळा भार त्या कडेवर येतो. वाईट गोष्ट नाही, फक्त मग आधीच्या मालकाला अजून काय काय बदललंय ते विचारून घ्या, आणि त्याच्याकडे कंपनीचे जुने पार्ट पडले असतील तर तेही मागून घ्या. पुढे क्लास बदलायचा झाला तर तेच उपयोगी पडतात.

प्रश्न : नवशिक्यांसाठी नॉव्हिस क्लास असतो म्हणे, मग हे सगळं वाचायची गरज आहे का?

उत्तर : बऱ्याच क्लबात असतो, आणि पहिल्या वर्षी तोच घ्या. पण नॉव्हिसमध्ये सगळ्यांची तुलना पॅक्सने होते, आणि पॅक्स लावायला तुमच्या गाडीचा खरा क्लास लिहावाच लागतो. म्हणजे वाचावं लागेलच, फक्त चुकलात तर कोणी रागावणार नाही. पहिल्या इव्हेंटला जाऊन रजिस्ट्रेशनच्या टेबलावर सरळ सांगा की गाडीत हे हे बदल आहेत, क्लास ठरवायला मदत करा. मोबाइलवर पार्टची यादी तयार ठेवा, आधीच्या मालकाची बिलं असतील तर उत्तम. आणि कोर्सवर कोन उचलायची पाळी येईल तेव्हा कंटाळू नका, एखाद्या वळणाजवळ तासभर उभं राहून इतरांच्या गाड्या बघण्यासारखं शिक्षण नाही, कुठला माणूस ब्रेक लवकर सोडतो आणि कुठला कोनाच्या मागे मागे जातो ते तिथेच डोळ्याला दिसतं.

प्रश्न : आम्ही पुण्यात आहोत. माझी पोलो जीटी टीएसआय आहे, रीमॅप केलेली, सस्पेन्शन बदललेलं. इथल्या ऑटोक्रॉसमध्ये अमेरिकेसारखे क्लास असतात का?

उत्तर : नाही, आणि ते पुस्तक इथे लावायला जाऊ नका. भारतात मोटरस्पोर्टचं नियंत्रण एफएमएससीआय ही राष्ट्रीय संस्था करते आणि आपल्याकडे क्लास मुख्यतः इंजिनाच्या सीसीवर पडतात, मग त्यात स्टॉक आणि मॉडिफाइड असा भेद आणि शेवटी ओपन. शिवाय आपल्याकडे ऑटोक्रॉस म्हटलं की बऱ्याचदा मातीचा ट्रॅक असतो, तिथे २०० ट्रेडवेअरच्या टायरचा काही उपयोग नाही. प्रत्येक इव्हेंटची स्वतःची सप्लिमेंटरी रेग्युलेशन्स, म्हणजे त्या इव्हेंटपुरते नियम, निघतात, ती आयोजकांकडून मागून घ्या आणि त्यात एक गोष्ट आधी शोधा, टर्बोला गुणक लावलाय का. मोटरस्पोर्टची जागतिक संस्था एफआयए, तिच्या नियमांत पेट्रोल टर्बोसाठी १.७ हा गुणक वर्षानुवर्षं वापरात आहे. तुमची गाडी १.२ लिटरची, ११९७ सीसीची असेल तर १.७ ने गुणून ती २०३४ सीसीच्या पुढे जाते, आणि नंतरची १ लिटरची, ९९९ सीसीची असेल तर १६९८. म्हणजे छोट्या गाड्यांच्या क्लासात येईन असं धरून बसाल आणि मोठ्या इंजिनांसोबत उभे राहाल. आयोजकांनी गुणक लावलेला नसेल तर तुमचं नशीब चांगलं. रीमॅप, म्हणजे ट्यूनच, केलंय हे मात्र एंट्री फॉर्मवर लिहा.

दुसरी गोष्ट स्पर्धेच्या बाहेरची पण जास्त महत्त्वाची. मोटर वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीवर नोंदलेले तपशील कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळे होतील असे बदल करता येत नाहीत, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते स्पष्टपणे उचलून धरलंय. त्यामुळे स्पर्धेसाठी खूप बदललेल्या गाड्या लोक ट्रकवर किंवा टो करून नेतात, रस्त्यावर चालवत नाहीत. इन्शुरन्सही बघा, आपल्याकडच्या मोटर पॉलिसीत रेसिंग आणि स्पीड टेस्टिंग साधारणपणे वगळलेलं असतं, तेव्हा ट्रॅकवर गाडीला काही झालं तर तो खर्च आपलाच. अमेरिकेतल्या वाचकांनीही आपापल्या पॉलिसीतलं हे कलम एकदा वाचावं.

प्रश्न : काका, मी सतरा वर्षांचा आहे, फ्रिस्को, टेक्सासला राहतो. बाबांची २०१५ ची होंडा फिट आहे. मी तिला मोठा मफलर लावलाय आणि आत ड्रॉप इन एअर फिल्टर. बाबा म्हणतात ही काय रेसची गाडी आहे का. कुठल्या क्लासात जाईल?

उत्तर : बाबांना सांग की फिटसारख्या गाड्यांसाठी एच स्ट्रीट हा स्वतंत्र क्लास आहे आणि तिथली चुरस बघायला अनुभवी लोकही कोर्सच्या कडेला थांबतात. तुझे दोन्ही बदल स्ट्रीटमध्ये बसतात, मफलर कॅटच्या मागे आहे आणि फिल्टर मूळ डब्यातच बसवलाय, म्हणून. मफलर जास्तच आवाज करत असेल तर जागेची आवाजाची मर्यादा विचारून ठेव, काही ठिकाणी मीटर लावलेला असतो आणि सूचना देऊनही आवाज कमी केला नाही तर घरी पाठवतात. ड्रायव्हिंग लायसन्स खरं हवं, लर्नर नाही चालणार. वय अठराच्या आत आहे त्यामुळे आईबाबांच्या सह्यांचा वेगळा फॉर्म लागतो, तो आधीच मागवून घे नाहीतर सकाळी गेटवरूनच परत यावं लागेल. मेंबर नसशील तर त्या दिवसापुरती वीकेंड मेंबरशिप मिळते. हेल्मेट स्नेल ह्या सुरक्षा चाचणीच्या एम किंवा एसए स्टिकरचं, किती सालापर्यंतचं चालतं ते पुस्तकात बघ, विकत घ्यायची घाई नको, क्लबाकडे उसनी असतात. आदल्या दिवशी गाडीतली सगळी रद्दी, पाण्याच्या बाटल्या, बाबांच्या सीटखालची छत्री, मॅट, सगळं बाहेर काढ, स्पेअर टायर आणि जॅकही काढायला परवानगी आहे. आणि बाबांनाही सोबत घेऊन जा, त्यांची वेगळी एंट्री त्याच गाडीवर होते, नंबर फक्त १०० ने पुढचा घ्यायचा.